आईची यादी, बेळगावचा बाजार आणि 'कं. २'

शहापूरची_लेक
मंडळी, गेल्या रविवारी बेळगावातल्या शहापूरच्या घराचा माळा आवरायला काढला. पत्र्याच्या डब्यात कालनिर्णयचं एक पान चौघडी घालून ठेवलेलं मिळालं. मे १९८६. महिना संपला की पान फाडायचं आणि मागच्या लेखाच्या समासात बाजाराची यादी लिहायची, ही आईची पद्धत. यादीला कोरा कागद वापरणं म्हणजे तिच्या लेखी उधळपट्टी.

यादी अशी: तांदूळ १० किलो (रविवार पेठ, जुना बघून). गूळ. शेंगदाणे. चहा पाव. ५०१ बार २. निरमा. चिरमुरे २ शेर. खोबरेल (बाटली नेणे). वन्संना खण १. छत्रीची काडी. आणि सगळ्यात शेवटी 'कं. २', खाली दोन रेघा मारून.

सगळ्यांपुढं बरोबरची खूण आहे. 'कं. २' पुढं नाही. हे काय असावं? आई सध्या दादाकडं पुण्यात आहे, फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून आधी इथं विचारते.

त्या बाजाराची माझी आठवण मुख्यतः पायांची आहे. शहापूरहून चालत निघायचं. कपिलेश्वरला रेल्वेचं फाटक हमखास पडलेलं असायचं. (आता पूल झाला, थांबायचं कारणच गेलं.) गाडी जाईपर्यंत आई यादी काढून पुटपुटत हिशेब करायची. मग गणपत गल्ली, खडे बाजार, आणि जड सामान म्हणून शेवटी रविवार पेठ. कापडाच्या दुकानात चपला काढून पांढऱ्या गादीवर बसायला मिळायचं, तेवढीच विश्रांती. काचेचं दार असलेल्या मोठ्या दुकानांसमोरून आम्ही नुसतं जायचो. "आतलं सगळं बाहेर मिळतंय की," असं म्हणून आई हात ओढायची.

डिपार्टमेंट स्टोअर हा शब्द मला इंग्रजीच्या धड्यात भेटला. सुई, साडी, साबण, सायकल सगळं एका छपराखाली. तुमच्यापैकी कुणाच्या लहानपणी असं काही होतं का? कुठं जायचात? आणि आता कुठं जाता?

निपाणीचा_बाप्या
आमचं डिपार्टमेंट स्टोअर कोल्हापुरात. बेळगाव आमचा जिल्हा खरा, खरं पडतंय पाऊणशे किलोमीटरवर. कोल्हापूर चाळीस. त्यामुळं कचेरीचं काम बेळगावात आणि कापडचोपड, डॉक्टर, अंबाबाई कोल्हापुरात, अशी आमच्या घरात वाटणीच होती.

भवानी मंडपात शेतकरी सहकारी संघाचा बझार होता. वडील संघाचं बैल छाप खत वापरणारे, त्यामुळं त्या दुकानावर त्यांचा विश्वास खताच्या पोत्यापासूनचा. तिथली रीत सांगतो. एका खिडकीत वस्तू पसंत करायची. तो माणूस पावती फाडणार, वस्तू आपल्याकडंच ठेवणार. पावती घेऊन दुसऱ्या खिडकीत पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. मग तिसऱ्या खिडकीत उभं राहायचं, तिथं वस्तू मिळणार. मी चौथीत असताना लाल बॅटरी घेतली होती, सेलची. पसंत केल्यापासून हातात येईपर्यंत अर्धा तास. तेवढ्या वेळात ती दुसऱ्याला दिली तर, या भीतीनं मी पहिल्या खिडकीपासून हललोच नाही. वडील तिसऱ्या खिडकीत बॅटरी घेऊन उभे, आणि मी हरवलोय म्हणून आईची शोधाशोध.

वारणानगरलाही एकदा सहल गेली होती. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्याच्या जोडीनं उभा केलेला वारणा बझार. खेडेगावात एवढं मोठं दुकान, किराणा, कापड, भांडी सगळं. मास्तर सहकाराबद्दल बोलत होते, आम्ही गोळ्यांच्या बरण्या मोजत होतो.

'कं.' म्हणजे कंदील. लाइट जायची ना तेव्हा.

कँटीनचा_नातू
थांबा, कंदील नव्हे. 'कं.' म्हणजे कँटीन! 'कँटीनमधून २' असं असणार. खूण नाही कारण ते बाजारातनं आणायचंच नव्हतं, शेजारच्या फौजीकडं सांगायचं होतं.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. आमच्या गावात दर दोन घरांमागं एक पेन्शनर. आमच्यासाठी डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे कॅम्पातलं मिलिटरी कँटीन. महिन्यातनं एकदा आजोबा दाढी करून, कोट घालून, कार्ड खिशात ठेवून निघायचे. किराणा आणायला कोट! आजी हसायची. "लग्नाला निघालाय काय?" ते म्हणायचे, तिथं ओळखीचे लोक भेटतात.

आत मात्र आजी गप्प. तिथं भाव करायचा नाही, लिहिलंय तेवढं द्यायचं. बाहेरच्यापेक्षा स्वस्त, तरी आजीला पटायचं नाही. "भाव न करता घेतलेलं अंगाला लागत न्हाई." परत येताना ती मुद्दाम गल्लीच्या तोंडाला एक कोथिंबिरीची पेंडी घासाघीस करून घ्यायची. हौस भागवून घेतल्यासारखी.

आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावातले सगळे आमचे जवळचे पाहुणे व्हायचे. कुणाला कुकर, कुणाला पंखा, कुणाला चहाचा मोठा डबा. बाटलीसाठी येणारे तर आधी आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करायचे. नियमाप्रमाणं कँटीनचा माल दुसऱ्याला द्यायचा नसतो, हे आजोबा प्रत्येकाला ऐकवायचे. ऐकवून झालं की चिठ्ठी खिशात घालायचे.

शहापूरची_लेक
नातूसाहेब, आमच्या गल्लीत फौजी नव्हता हो. मागं रेशन इन्स्पेक्टर राहायचे, त्यांच्याकडं काही मागायची आईची छाती नव्हती.

घोंगडीवाला
कंबळी. दोन कंबळ्या. मे महिन्याचं पान फाडलंय म्हणजे यादी जूनची. छत्रीची काडी पण आहे बघा. जूनमध्ये माणूस पावसाचं सामान घेतो.

उचगावची_सून
कं.चं मला सुचत नाही, खरं 'आता कुठं जाता' याचं उत्तर माझ्याकडं आहे. उत्तर एसटीवर अवलंबून आहे.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर उचगाव. मधे राज्याची हद्द. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही. आधार कार्ड दाखवायचं, पत्ता कर्नाटकातला पाहिजे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. तिकडं महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आई बेळगावला येते तेव्हा हद्दीपर्यंत अर्धं आणि हद्दीपासून पुढं पूर्ण. मी फुकट जाते. आईला हे इतकं लागलंय की ती म्हणते, "तुला दिली तिथं बस तरी फुकट मिळाली."

याचा बाजारावर काय परिणाम झाला ते सांगते. पूर्वी महिन्याला एकदा बेळगाव, दोन पिशव्या आणि एक पोतं. येण्याजाण्याचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत ना! आता मी नुसत्या फॉलला मॅचिंग दोरा घ्यायला जाऊन येते. सासूबाई मंगळवारी कपिलेश्वरला नाही तर मैत्रिणीकडं जातात आणि येताना चार वांगी घेऊन येतात. वांगी गावात मिळत नाहीत असं नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार सासूबाईंच्या खात्यावर येतात, त्यामुळं वांगी कुठली घ्यायची हे विचारायची सोय राहिलेली नाही.

गावातला किराणावाला माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हता. आता त्याची बायकोच बेळगावला जाऊन दुकानाचा माल बघून येते, म्हणून मिटलं.

एक_गिऱ्हाईक
सगळे गादीवरच्या दुकानांचे गोडवे गाऊलेत, म्हणून मी उलटं बोलते. मला मार्ट आवडतं. ढकलगाडी घ्यायची, फिरायचं, नको ते परत फळीवर ठेवायचं. कोण विचारत नाही कुणाची मुलगी, नवरा काय करतो, मागची बाकी कधी देणार.

आमचं किराण्याचं खातं होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, आमच्या नावाचं पान. वडलांची गिरणी बंद पडली त्या वर्षी सामान आणायला मला पाठवायचे, कारण पोरीला दुकानदार जास्त बोलणार नाही. तो बोलायचा नाहीच. वही उघडायचा, पान काढायचा, आणि दुसरी गिऱ्हाइकं संपेपर्यंत पान तसंच उघडं ठेवायचा. सगळ्यांना दिसेल असं. मी नऊ वर्षांची होते. त्या पानावरची आमची बेरीज मला आजही पाठ आहे, इथं लिहीत नाही.

तुम्हाला पुडी बांधायच्या दोऱ्याची आठवण येते. मला ती वही आठवते.

मार्टमध्ये पण फसवतात, ते वेगळं. मागच्याच महिन्यात एका ठिकाणी फळीवरच्या चिठ्ठीवर एक भाव आणि बिलात दुसरा. तीन वस्तूंना. विचारलं तर "सिस्टीममध्ये अपडेट झालं नाही मॅडम". अपडेट नेहमी त्यांच्या बाजूनंच होतंय हे नवल. आता बिल दारातच उभं राहून वाचते, मागची रांग कितीही लांबू दे.

रविवारपेठ_हमाल
ताई, तुमचं खरं आहे. वही आमच्या पेठेतपण होती. खरं पावसाळ्यात चार महिने त्या वहीवरच घरं जगली, तेही लिहा.

एक_गिऱ्हाईक
लिहिते की. जगली. मान खाली घालून जगली.

गादीवरचा_माणूस
मी खडे बाजारात कापडाच्या दुकानात २६ वर्षं गादीवर बसलो. आता निवृत्त. पलीकडची बाजू सांगतो.

किमतीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं लिहिलेली असायची, ती गिऱ्हाइकाला कळायची नाहीत. ती आमची खरेदी. दहा वेगवेगळ्या अक्षरांचं एक वाक्य मालकानं ठरवलेलं, पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं शून्यापर्यंत. गिऱ्हाईक घासाघीस करूलंय तोवर आम्ही कोपरा बघून मनात हिशेब करायचो, कुठपर्यंत उतरायचं. आमचं वाक्य सांगत नाही. मालक गेले, दुकान पोरानं दुसऱ्याला दिलं, तरी सांगत नाही.

तुम्ही डिपार्टमेंट स्टोअर म्हणता. आमच्याकडं तो सोहळा म्हणजे बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं ट्रॅक्सनं यायची. चंदगड, खानापूर, गडहिंग्लज, थेट गोव्यातनंसुद्धा. सकाळी अकराला बसली की संध्याकाळी दिवे लागले तरी उठत नाहीत. चहा, मग दुपारी दुकानाकडनं जेवण, परत चहा. पोरं ठाणांच्या ढिगाआड झोपायची.

कोण किती बोलतंय यावर आमची नजर. नवरीची आई बोलत नाही, तिचं सगळं लक्ष खर्चावर. वरमाय "तुम्हाला आवडेल ते घ्या" म्हणते, म्हणजे स्वस्तातलं दाखवू नका. खरी मालकीण एक आत्या किंवा मोठी जाऊ असते, मागं बसलेली, पान खात. ती मान हलवेल ती साडी. ती कोण हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखायचं आणि साडीचा पदर तिच्या दिशेनं टाकायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, चार बस्ते हातचे गेल्यावर आलं.

नवरीची साडी आधी दाखवायची नाही, हा नियम. आधी मानपानाच्या, मग आहेराच्या, तोवर माणसं सैल होतात. म्हाताऱ्या बायकांना इरकल लागायचीच. त्या पदर बोटांत धरून टोपाची जोड, म्हणजे पदर साडीला जोडलेला असतो ती जागा, बघायच्या, काठ उलटा करून बघायच्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना कळायचं, आर्ट सिल्क आहे का खरं. खण गुळेदगुड्डचा. वडगाव-खासबागच्या मागांवरचा माल वेगळ्या फळीवर, त्याचं गिऱ्हाईक वेगळं. कन्नड बायका आल्या की "बर्री अक्का, कूडरी", मराठी आल्या की "या वहिनी, बसा". गोव्याच्या आल्या की कोंकणी जमेल तेवढी. घासाघीस मात्र तिन्ही भाषांत सारखीच, उठून चपलेत पाय घालायचा आणि मग बोलवण्याची वाट बघायची.

उधारीच्या वहीबद्दल गिऱ्हाईक ताई जे बोलल्या त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्याकडं वही आत, तिजोरीशेजारी असायची. बाहेर काढायची नाही हा मालकांचा दंडक होता.

म्हापसेकर_सध्या_टिळकवाडी
आमच्या बहिणीचा बस्ता असाच झाला! गोव्याहून चोर्ला घाटानं पहाटे निघालो होतो. तुमचंच दुकान नसेल ना? आत्या पान खात नव्हती, पण मान हलवणारी तीच होती. येताना सगळ्यांनी कुंदा घेतला आणि घाटात वळणावर अर्ध्या लोकांनी परत केला.

रविवारपेठ_हमाल
पेठेत धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मी नवीन होतो तेव्हा 'एक' म्हणालो तर शेठनं पोतं परत ओतायला लावलं.

निपाणीचा_बाप्या
आणि ते पुडीचे कागद विसरलात. शेव-चिवडा मिळायचा तो कधी तरुण भारतात, कधी संयुक्त कर्नाटकात. मी कन्नड अक्षरं शाळेच्या आधी चिवड्याच्या कागदावर ओळखायला शिकलो. तेलाचा डाग पडला की पलीकडच्या पानावरचं अक्षर दिसायचं, त्यामुळं काही अक्षरं मी बरेच दिवस उलटीच शिकलो होतो.

उचगावची_सून
आता आमची भाजीवाली मराठी बोलते, तिची पाटी कन्नडमध्ये, आणि पैसे आल्यावर तिचा तो डबा हिंदीत ओरडतो. ती त्याला "गप रे" म्हणते.

शहापूरची_लेक
मंडळी, कळलं. काल दादानं फोन आईच्या चांगल्या कानाला लावून धरला. मी ओरडून विचारलं, १९८६ची यादी, 'कं. २' म्हणजे काय.

"कंपास की गं. शाळा सुरू झाली नव्हती काय तुमची? दोघांना दोन."

मग घेतल्या का नाहीत, विचारलं. म्हणाली, खण घेतला वन्संचा. माहेरपणाला आल्या होत्या, रिकाम्या हातानं कशी पाठवणार? मग पैसे कमी पडले. पुढच्या महिन्यात एकच आणली.

ती एक मला चांगली आठवते. पिवळा पत्र्याचा डबा, झाकणाच्या आत पाढे छापलेले. आम्हा दोघांत मिळून वापरायची, आणि भूमितीचा तास दोघांचाही सोमवारी. दादा वरच्या वर्गात, म्हणून सकाळी डबा त्याच्याकडं. मधल्या सुट्टीत मी त्याच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी वस्तू हरवते म्हणून मला वेगळी मिळाली नाही. आई तसंच सांगायची. कालपर्यंत मी ते माझ्या मुलींनाही सांगत होते.

कँटीनचा_नातू
माझा अर्ज फेटाळला गेला. मान्य. खरं कँटीनमध्ये कंपास पण मिळायची.

घोंगडीवाला
जून बरोबर ओळखला होता, तेवढं तरी द्या.

एक_गिऱ्हाईक
खण मिळालेल्या आत्यांना हे माहीत आहे का?

शहापूरची_लेक
नाही. आणि सांगणार पण नाही. आत्या ८१ वर्षांच्या आहेत, लगेच पैसे घेऊन येतील.

गादीवरचा_माणूस
खण कुठल्या दुकानातला होता, आईंना विचाराल का? सहज.

शहापूरची_लेक
विचारलं. दुकानाचं नाव आठवत नाही, म्हणाली. "तो काळा, उंच माणूस होता, दोन रुपये कमी कर म्हटलं तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात बघत बसायचा."

गादीवरचा_माणूस
मी उंच नाही. तो आमचा शांताप्पा असणार, शेजारच्या दुकानातला. दोन रुपये त्यानं कमी केले होते का?

शहापूरची_लेक
एक केला म्हणे.

ता. क. दादानं हा धागा वाचला. आत्ताच मेसेज आला: "कर्कटक माझ्याकडंच आहे. टोक बोथट झालंय. पाहिजे काय?"